निळी जीभ

हिने जांभई दिली आणि मला हिची जीभ निळी दिसली. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पलंगाच्या डाव्या अंगाची खुर्ची चार ते सहा माझी असते, आणि त्या खुर्चीतून बायकोचं तोंड जेवढं दिसतं तेवढं लग्नाच्या चौतीस वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं. जांभया ही देतेच. डोळे उघडते, मिटते, दात खाते, कधी डाव्या हाताची बोटं चाळवते. या कशालाही अर्थ नसतो, हे मोठ्या डॉक्टरांनी मला दुसऱ्याच महिन्यात समजावलं होतं. डोळे उघडे आहेत म्हणजे जागी आहे असं समजू नका, म्हणाले. दिवे चालू आहेत, बघणारं कुणी नाही. मी ते समजून घेतलं. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो मी. दुकानात शिरायचं, काटा बघायचा, वजन उलटं करून खालचा शिक्का बघायचा, खरं की खोटं ते सांगायचं आणि चालू लागायचं. अर्थ नाही म्हणजे नाही, त्यात घासाघीस नाही. पण जीभ निळी का? पहिला विचार आला तो श्वासाचा. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा मात्र सत्त्याण्णव दाखवत होता, ओठ होते तसेच होते, नखं गुलाबी. फक्त जीभ, तीही मधोमध, शाळेतल्या पोराने शाईचं पेन चोखावं तशी.

"सिस्टर, हे काय आहे?" मी विचारलं. सिस्टर आली, वाकून बघितलं, आणि मग तिने माझ्याकडे न बघता खिडकीशी चादरीची घडी घालणाऱ्या मावशीकडे बघितलं. ती नजर मला पाठ आहे. मी दुकानात पाऊल टाकलं की मालक गल्ल्यावरून नोकराकडे अश्शीच नजर टाकायचा, म्हणजे मागच्या खोलीतलं वजन उचल. "औषधाचा रंग असेल," सिस्टर म्हणाली. औषध पोटातल्या नळीतून जातं, मी म्हणालो, तोंडात कुठून येईल? "मग तोंड पुसतो ना आम्ही, त्याचं असेल." तोंड पुसायचं औषध गुलाबी आहे. त्याची बाटली रोज माझ्या नाकासमोर असते. पण मी बोललो नाही, मान हलवली, बरं म्हणालो. नव्या निरीक्षकाला मी पहिली गोष्ट हीच शिकवायचो. पहिलं खोटं पकडलंस की तोंड उघडू नकोस, हसून चहा नाकार आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच वेळेला जा.

पलंगाच्या डोक्याशी पाटी आहे. 'तोंडाने काहीही देऊ नये. पाणीसुद्धा नाही.' अक्षर माझं. पट्टी धरून, पेन्सिलीने रेघा आखून, मग त्या खोडून मी ती लिहिली आणि वर प्लास्टिक चढवून आणलं. एकदा मेहुणी आली होती, हिची धाकटी बहीण. तिने ओला रुमाल हिच्या ओठांवरून फिरवला तर मी तिला इतकं बोललो की ती जिन्यात जाऊन रडली. पाण्याचा एक थेंब श्वासाच्या नळीत गेला तर काय होतं माहीत आहे का तुला, असं मी तिला म्हणालो. तिला माहीत नव्हतं, मला होतं. सगळा मजला मला ओळखून होता. पेशंटला जपावं तर या काकांनी, असं मावशी इतर पेशंटच्या नातेवाइकांना सांगायची, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. आता तीच मावशी घडी घातलेली चादर उलगडून पुन्हा घडी घालत होती. सहा वाजता मी उठलो आणि निघालो. निघताना काही बोललो नाही. बोलत नाहीच मी. पूर्वीसुद्धा मी चपला घालून सरळ चालू लागायचो आणि ही आतून ओरडायची, अहो, येतो म्हणावं माणसाने. मी जिन्यातून ओरडायचो, येतो. तो जिन्यातला येतो हिला चालायचा नाही. तोंडासमोर म्हणावं, म्हणायची, भिंतीला काय सांगता. इथे आल्यावर तो प्रश्न मिटला होता. ऐकणारं कुणी नव्हतं.

घरी आलो आणि चहा ठेवला. एवढं एक काम मला येतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून सकाळचा चहा माझा, बाकी सगळं तिचं. साखर मी चमचा सपाट करून घालायचो, सुरीच्या पात्याने वरचा ढीग काढून, कपाला दोन. ही पहिला घोट घ्यायची आणि म्हणायची, साखर कमी आहे. रोज. एकदा मी तिच्यासमोर मोजून अडीच घातली, तरी म्हणाली, कमी आहे. अगं मोजून घातली की, म्हटलं. मोजून घालता म्हणूनच कमी पडते, म्हणाली आणि हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. चहाला उकळी आली आणि मी गॅस बंद करायचा विसरून उभा राहिलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती कुणालाही सांगायची नाही असं मी कानाला खडा लावून ठरवलं होतं, पण तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही. दुसऱ्या महिन्यात, मोठ्या डॉक्टरांनी ते दिव्यांचं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी थर्मासमधून चहा घेऊन गेलो होतो.

तेव्हा हिच्या मानेला भोक नव्हतं. नाकातून नळी होती, ती पोटात जायची, श्वास हिचा ही घेत होती. पडदे काढायला स्टुलावर चढली, उतरली, डोकं जड झालंय हो म्हणाली आणि खाली बसली ती बसलीच, त्याला पाच आठवडे झाले होते. मला वाटलं, वास येईल. वासाने तरी. माणूस नाव विसरेल, पोरगी विसरेल, पण चौतीस वर्षं रोज सकाळी जो घोट घशाखाली गेला तो घसा कसा विसरेल? सिस्टर जेवायला गेली होती. थर्मासच्या टोपणात चहा ओतला, फुंकून कोमट केला, चमचा ओठांना लावला. पहिला चमचा आत गेला. दुसराही गेला. हिचा गळा हलला, अगदी नेहमीसारखा हलला, आणि मी मूर्खासारखा हसलो, मला वाटलं आता म्हणेल, साखर कमी आहे. तिसऱ्या चमच्याला हिचे डोळे मोठे झाले. खोकली नाही. खोकली असती तर बरं झालं असतं. नुसतं घरघर केलं, चेहरा काळवंडला, मग कुठूनतरी श्वास आला आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. मी थर्मास पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी आणि पू, मग यंत्रावर अठरा दिवस, आणि यंत्र सुटेना म्हणून मानेला भोक. ते भोक अजून आहे. मोठे डॉक्टर मला म्हणाले, अशा पेशंटची स्वतःची लाळसुद्धा छातीत जाते, कुणाचा दोष नसतो. लाळ. मी तो शब्द दोन्ही हातांनी धरला आणि मूग गिळून बसलो. तिथून बाहेर पडून मी पहिलं काम केलं ते पाटी लिहायचं.

आठ वाजता मुलीचा फोन आला, रोज येतो तसा. "आई कशी आहे, बाबा?" मी म्हणालो, तशीच. "काही वेगळं?" मी म्हणालो, काही नाही. जिभेचं मी तिला मुद्दाम सांगितलं नाही. तिला ऑफिस आहे, नवरा आहे, आईच्या आजाराने तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, तिला कशाला घोर लावा? सकाळी धाड घालू, कोण काय भरवतंय ते बघू, कामावरून काढून टाकायला लावू आणि मग तिला सांगू. मला वाटलं होतं, मावशी स्वतःच्या डब्यातलं काहीतरी देत असणार, भोळ्या मायेने. चहा तसाच आटून गेला होता. मी भांडं घासून ठेवलं आणि झोपलो.

सकाळी दहा वाजता हॉस्पिटलची मागची इमारत, जिथे लांबच्या मुक्कामाचे पेशंट ठेवतात, मला ओळखूच आली नाही. चार वाजताची इमारत वेगळी. तेव्हा पॅसेजमध्ये ऊन पश्चिमेकडून येतं आणि सगळे पेंगत असतात. आता फरशी ओली होती, ट्रॉल्या धावत होत्या, जिन्यात कुणीतरी हसत होतं, म्हणजे मी नसताना इथे माणसं हसतात. मी लिफ्टने न जाता जिन्याने गेलो, पूर्वी जायचो तसा, चपलांचा आवाज न करता. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत पलंगाचं डोकं वर केलेलं, ही उशांच्या आधाराने ताठ बसलेली, गळ्याला टॉवेल. पायथ्याशी एक बाई वही घेऊन उभी. मी तिला लिफ्टमध्ये बघितलं होतं, बोलायचं शिकवणारी बाई म्हणून. हिला बोलायचं नव्हतं म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. सिस्टर मानेच्या नळीपाशी. आणि माझ्या खुर्चीत, हातात निळ्या रंगाचं काहीतरी असलेली वाटी घेऊन, माझी मुलगी. तिने चमचा उचलला. तो ओठांपासून चांगला वीतभर लांब होता तेव्हाच हिने तोंड उघडलं.

मी दारात उभा होतो आणि मला कुणी बघितलं नव्हतं. बायकोने तोंड उघडलं, चमचा आत घेतला, ओठ मिटले, हनुवटी जरा हलली, गळा वर गेला आणि खाली आला. "छान, आई," मुलगी म्हणाली, "अजून एक." एखाद्या पोराला भरवावं तशा आवाजात, आणि त्या आवाजाची सवय झालेली होती, पहिल्या दिवसाचा आवाज असा नसतो. किती दिवस? मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, झाला नाही. पहिली जी गोष्ट माझ्या छातीत आली ती हीच, की अकरा महिने मी रोज दोन तास या खुर्चीत बसतोय आणि माझ्यासमोर हिने एकदाही ओठ हलवले नाहीत. चार ते सहा मी मेलेल्या बाईशेजारी बसायचो आणि सकाळी दहाला ही जिवंत होत होती, इतरांसाठी. विश्वासाने मान द्यावी आणि केसाने गळा कापावा, तो असा. मी म्हणालो, "काय चाललंय?" वाटी मुलीच्या हातातून पडली नाही, एवढंच मला आठवतं. तिने ती जपून टेबलावर ठेवली आणि मग माझ्याकडे बघितलं.

वहीवाल्या बाईने सावरून घ्यायचा प्रयत्न केला. तरुण होती, आवाज शांत. काका, हा सफरचंदाचा गर आहे, म्हणाली, त्यात खायचा निळा रंग घालतो. मानेच्या नळीतून नंतर ओढून बघायचं, निळं आलं तर समजायचं छातीत गेलं. सहा आठवड्यांत एकदाही आलेलं नाही. सहा आठवडे. मी तिला म्हणालो, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय की गळा आपोआप हलतो, त्याला अर्थ नाही. "गळ्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आपण झोपेतसुद्धा लाळ गिळतो. पण चमचा यायच्या आधी तोंड उघडणं, ओठ मिटून घेणं, जिभेने घास मागे नेणं, हे झोपेत होत नाही. त्याला आत कुणीतरी असावं लागतं. मी नक्की म्हणत नाही. पण मला वाटतं, काकू आहेत." ती हे साधेपणाने म्हणाली, शेजारच्या घरात माणसं राहायला आली आहेत असं सांगावं तसं. आहेत. कधीपासून? हा प्रश्न मी तोंडाने विचारला नाही. तो माझ्या मनात आला आणि मी दाराची चौकट धरली.

कारण आठव्या महिन्यात मी हिला एक वाक्य बोललो होतो. त्या दिवशी पोटातल्या नळीची जागा चिघळली होती, वास येत होता, माझी कंबर धरली होती, आणि समोर हे उघडे डोळे छताकडे. मी खुर्चीतून उठलो, हिच्यावर वाकलो आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, "सोड आता. किती दिवस असं पडून राहणार? तू सूट आणि मलाही सुटू दे." ऐकणारं कुणी नाही म्हणून बोललो. रिकाम्या खोलीत माणूस शिवी देतो तसं. बोलल्यावर मला हलकं वाटलं होतं, त्या रात्री मी कधी नव्हे ती सलग सात तास झोपलो. मी हे वाक्य विसरलोही होतो. डॉक्टरांच्या शब्दावर बोललो होतो मी ते, त्यांनी सांगितलं होतं दिवे आहेत, माणूस नाही. शिक्का मारलेलं वजन होतं ते. आता ही पोरगी वही घेऊन मला सांगत होती, वजन खोटं होतं.

मुलगी मला पॅसेजमध्ये घेऊन आली. खिडकीशी आम्ही उभे राहिलो, खाली गाड्या मागेपुढे करत जागा शोधत होत्या. "कुणाच्या सहीने?" मी विचारलं. माझ्या, ती म्हणाली. "आणि मी कोण? शेजारी?"

"बाबा, मी तुम्हाला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तुम्ही पाटीकडे बोट दाखवलंत."

"बरोबर दाखवलं. ती मेली असती म्हणजे?"

तिने खालचा ओठ आत घेतला. असं केलं की मला तिच्यात तिची आई दिसते. मग म्हणाली, "तुमचा थर्मास मी धुतला होता, बाबा."

मला कळलं नाही असं मी दाखवलं. कुठला थर्मास, असं विचारलंसुद्धा. "ताप आला त्याच दिवशी. तुमच्या पिशवीत होता. आत चहा होता आणि टोपणात चमचा. एकटा माणूस हॉस्पिटलात चहा प्यायला जाताना चमचा कशाला नेईल?" ती माझ्याकडे बघत नव्हती, खालच्या गाड्यांकडे बघत होती. "मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांना कळायला नको का, छातीत काय गेलंय? आणि त्यांना म्हटलं, बाबांना विचारू नका. ते मोडून पडतील."

"म्हणून लाळ."

"म्हणून लाळ."

"सिस्टरला?"

"फाइलमध्ये आहे, बाबा. सगळ्यांनी वाचलंय."

म्हणजे मी पाटी लिहीत होतो, तेव्हा कागद सरकू नये म्हणून ज्या सिस्टरने पट्टीचं दुसरं टोक धरलं होतं, तिला माहीत होतं. मेहुणीला रडवलं तेव्हा माहीत होतं. जपावं तर या काकांनी असं मावशी म्हणायची तेव्हाही. नऊ महिने मी मापात पाप करून वर फौजदारकी करत होतो आणि अख्खा मजला माझ्या तोंडाकडे बघून मान डोलवत होता. आयुष्यभर मी लोकांचं खोटं पकडलं, चारचौघांत पकडलं, आणि मला कधी वाटलं नाही की पकडलं जाण्यापेक्षा वाईट काही असतं. असतं. पकडून सोडून देणं. कुणी माझ्या अंगावर ओरडलं असतं, पोरीने दार लावून घेतलं असतं, तर मी कबूल केलं असतं आणि रडलो असतो. यांनी माझ्यावर दया केली. कुणाकडे तक्रार करू, आपलेच दात, आपलेच ओठ. "तुला राग नाही आला?" मी विचारलं. "आला की," ती म्हणाली, "दोन महिने तुमच्याशी बोलताना दात आवळून बोलत होते. तुम्हाला कळलं नाही." खरंच कळलं नाही. मला वाटलं होतं, तिला दातदुखी आहे. मी तिला दाताच्या डॉक्टरचा नंबरसुद्धा दिला होता.

वहीवाली बाई दारात येऊन उभी राहिली. काका, वेळ जातोय, काकू दमतील, म्हणाली, उरलेले चमचे तुम्ही देऊन बघता? मुलीने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणू शकलो असतो. पण माझ्या मनाने एवढ्यात एक हिशेब जुळवला होता आणि मला तो खरा करून बघायचा होता: हिने माझ्या हातून घास घेतला तर हिला ते वाक्य ऐकू आलेलं नाही. किंवा आलं आणि तिने ते पोटात घातलं, चौतीस वर्षांत इतकं घातलं तसं. दोन्हीपैकी काहीही चालणार होतं. मी हात धुतले, दोनदा धुतले, आणि माझ्या खुर्चीत बसलो. खुर्ची मुलीच्या अंगाने उबदार होती.

"अगं," मी म्हणालो, "मी आहे." कितीतरी महिन्यांत मी अगं म्हणालो नव्हतो, आवाज मलाच परका वाटला. चमच्यात गर घेतला, अर्धा चमचा, बाईने दाखवला तेवढा. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. चमचा वीतभर अंतरावर आणला. हिचे डोळे समोर होते, छताकडे नाही, समोर, माझ्या छातीच्या बटणांवर. तोंड उघडलं नाही. घाई करू नका, बाई म्हणाली, खालच्या ओठाला हलकेच लावा. मी लावला. ओठ आवळले गेले. नुसते मिटले नाहीत, आवळले, कडा पांढऱ्या होईपर्यंत. मी चमचा मागे घेतला, ओठ सैल झाले. पुन्हा पुढे नेला, पुन्हा आवळले. मग हिने मान वळवली. फार नाही, दोन बोटं असेल. उशीवर गाल घासल्याचा आवाज आला. भिंतीकडे.

"हलू नका, काका," वहीवाली बाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती भराभर लिहीत होती. सिस्टर पुढे आली, मावशी दारातून आत आली. "हे आजवर झालं नव्हतं," बाई मुलीला म्हणाली. "तोंड उघडण्याच्या पुढचं आहे हे. घास घेणं सवयीनेसुद्धा होईल कदाचित. नको म्हणायला मात्र माणूस लागतो." मुलीने तोंडावर हात धरला आणि ती रडायला लागली, हसत होती आणि रडत होती. मावशीने डोळे पुसले. सगळी खोली आनंदात होती आणि मी चमचा हवेत धरून बसलो होतो.

दमल्या असतील, सिस्टर म्हणाली, पोट भरलं असेल. ते सोपं उत्तर होतं आणि मी ते घेऊन घरी जाऊ शकलो असतो. पण एकतीस वर्षांचं अंगवळणी पडलेलं जात नाही. काटा खोटा की वजन खोटं, हे बघायचं तर बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. "वाटी तीच," मी म्हणालो, "चमचा तोच. हात बदला." मी उठलो. मुलगी बसली. तिने माझ्या हातातला तोच चमचा घेतला, तोच अर्धा घास. हिची मान भिंतीकडेच होती. मुलगी म्हणाली, आई. एवढंच म्हणाली. मान हळूहळू परत आली, दोन बोटंच, तोंड उघडलं, ओठ मिटले, गळा वर गेला आणि खाली आला. मी म्हणालो, पुन्हा मला द्या. बाई नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. मी बसलो, चमचा पुढे नेला. ओठ आवळले. मान भिंतीकडे.

काट्यात खोट नव्हती. म्हणजे ही होती. आठव्या महिन्यात होती, वाकलो तेव्हा माझ्या तोंडाचा वास येत असेल तिला. दुसऱ्या महिन्यातही असेल, तिसऱ्या चमच्याला डोळे मोठे झाले होते ते हिचेच. आणि ती सगळा वेळ रोज चार ते सहा छताकडे बघत पडून राहिली, मला पत्ता लागू न देता. मी तिच्यावर रागावलो, खोटं कशाला बोलू. आत होतीस तर एकदा तरी बोट हलवायचं होतंस, मला तरी कळवायचं होतंस, मी तसं बोललो नसतो. चौतीस वर्षांत ही माझ्याशी एकदाही खोटं वागली नव्हती आणि वागली तेव्हा अशी वागली. मग माझ्या ध्यानात आलं, की कळवणार कशाने? आणि त्यानंतर रागाला जागाच उरली नाही.

"कशाला नको म्हणत असतील त्या?" वहीवाली बाई पेन उघडं ठेवून विचारत होती. "काही खास कारण? तुम्हाला काही अंदाज आहे का, काका? लिहून ठेवायचं होतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलगीही बघत होती. तिला वाटत होतं की तिला माहीत आहे. तिला चहाचं माहीत होतं. त्याच्यापुढचं माहीत असलेली एकच बाई त्या खोलीत होती आणि तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"साखर कमी असेल," मी म्हणालो.

सिस्टर हसली, मावशी हसली. बाईने वहीत काहीतरी लिहिलंसुद्धा. मी वाटी टेबलावर ठेवली, चमचा नळाखाली धुतला, टॉवेल घडी करून उशीशी ठेवला. पाटी काढून टाकायला हवी, कुणीतरी म्हणालं, आणि मावशी स्टूल आणायला गेली. मी चपला घातल्या. दारापर्यंत गेलो, आणि परत आलो, पलंगाच्या पलीकडच्या अंगाला गेलो, भिंत आणि पलंग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, म्हणजे हिच्या तोंडासमोर. तिथे मी आधी कधी उभा राहिलो नव्हतो. "येतो," मी म्हणालो, हळू आवाजात, ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतात तसा. हिने माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून ती खोलीकडे बघू लागली.